फोटोतला वसंत, शिकारवहीतली पानगळ

आधी एक काम करा. 'रिचमंड पार्क, ऑक्टोबर' असं शोधून बघा. लंडनमधलं हे मोठं उद्यान चार्ल्स पहिला याने 1637 मध्ये शिकारीसाठी कुंपण घालून बंद केलं. आज तिथे सहाशेच्या वर हरणं आहेत. पडद्यावर काय दिसतं? धुकं, तपकिरी पडलेलं नेचे, आणि माजावर आलेला नर मान वर करून ओरडतोय, तोंडातून वाफ निघतेय. असे फोटो मोजत बसलात तर दिवस पुरणार नाही.

आता शंभर-सव्वाशे वर्षं मागे जा. हीच पानगळ (इंग्लंडातले सप्टेंबर ते नोव्हेंबर, आपल्या शरदाशी गल्लत नको) त्या काळच्या निसर्गफोटोंत शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं. माझ्या पीएचडीच्या पहिल्या चॅप्टरची माती इथेच झाली.

मी काय केलं, तर 1890 नंतरची सचित्र निसर्गपुस्तकं घेतली, फोटोंची एक्सेल शीट बनवली, प्रत्येकापुढे ऋतू लिहिला. वसंताचा रकाना भरून वाहिला, पानगळीचा रिकामा राहिला. मग मी ऐटीत लिहून टाकलं की त्या काळच्या निसर्गप्रेमींना पानगळीत रस नव्हता. गाईडनी मसुदा वाचला आणि एवढंच विचारलं, "अगं, ऑक्टोबरात अंडी कुठून आणणार ते?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात सगळं आलं. रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे भाऊ यॉर्कशरच्या स्वेलडेल खोऱ्यातले. रिचर्ड लंडनमध्ये कॅसल या प्रकाशनसंस्थेत नोकरीला होता. 1892 च्या एप्रिलमध्ये चेरीने एनफिल्डजवळ थ्रश पक्ष्याच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट, फोटो काढला. त्यातून 1895 मध्ये 'ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स' हे पुस्तक आलं. चित्रांऐवजी अस्सल फोटो, ही त्याची नवलाई.

पण घरटंच का? कॅमेरा जड, तिपाईवरचा. काचेच्या प्लेटा आजच्या मानाने मंद, त्यामुळे हलणारा जीव पुसट व्हायचा. अंडी हलत नाहीत. शिवाय घरट्यावर पक्षी परत येणारच, म्हणजे कुठे लपून बसायचं ते ठरवता येतं. या भावांनी त्यासाठी बैलाचं कातडं ताणून पोकळ बैल बनवला होता आणि त्याच्या पोटात बसून ते फोटो काढत! आता पानगळीत बघा: घरटी ओस, पक्षी थव्याने फिरते, ऊन तिरकं आणि कमी. कॅमेऱ्याला धरायला काही उरतच नाही. त्यांच्या 1899 च्या पुस्तकाच्या तर नावातच 'ब्रीडिंग बर्ड्स' आहेत. मी ते नाव शीटमध्ये टाइप केलं होतं, पण वाचलं नव्हतं.

मग लोक पानगळीत बाहेर पडतच नव्हते का? उलट. गिल्बर्ट व्हाइटचं सेलबर्नवरचं पुस्तक 1789 चं. पाकोळ्या हिवाळ्यात परदेशी जातात की इथेच कुठे दडून झोपतात, हा प्रश्न त्याला छळत होता, म्हणून वर्षाच्या अखेरीस कोण कधीपर्यंत दिसलं याच्या नोंदी तो चिकाटीने ठेवायचा.

आणि दुसरा साक्षीदार म्हणजे बंदूक. 1880 च्या पक्षी संरक्षण कायद्याने 1 मार्च ते 1 ऑगस्ट हा विणीचा काळ शिकारीला बंद केला. ग्राउसची शिकार 12 ऑगस्टला सुरू, फेझंटची 1 ऑक्टोबरला. जहागिरींवर शिकारवह्या ठेवत: तारीख, जागा, कोणता पक्षी, किती मारले. म्हणजे पानगळीतले प्राणी-पक्षी कागदावर आहेत, पण मेलेले, आकड्यांत. जिवंत वसंत फोटोंच्या पुस्तकात आणि मेलेली पानगळ शिकारवहीत, अशी वाटणी. एकाच कपाटातले कागद बघून मी निष्कर्ष काढायला निघाले होते.

तुम्ही प्रपोजल लिहीत असाल तर साधनांची यादी करतानाच प्रत्येकापुढे एक रकाना जास्तीचा ठेवा: हे साधन काय टिपूच शकत नव्हतं? 'टिपलं नाही' आणि 'टिपता आलं नाही' यांत फरक आहे, आणि व्हायवाला बोट नेमकं तिथेच ठेवतात. (माझं सुदैव, ते आधीच ठेवलं गेलं.)

रिचमंडच्या हरणांकडे परत येते. आजचे सेन्सर धुक्यातही धावतं हरीण टिपतात, आणि तिथे ऑक्टोबरात इतके लोक कॅमेरे घेऊन येतात की हरणांपासून निदान पन्नास मीटर लांब राहा अशी सूचना उद्यानाला द्यावी लागते. म्हणजे सव्वाशे वर्षांनी कुणी आपले फोटो मोजायला बसलं, तर तिला वाटेल की या प्राण्यांना बारा महिने फक्त माजच येत होता. तिच्या शीटमध्ये फेब्रुवारीचा रकाना रिकामा असेल. माझी शीट मी पुन्हा भरतेय. ऋतूच्या शेजारी आता 'प्लेट' आणि 'कुठे बसून काढला' असे दोन रकाने आहेत.