तीन कड्यांच्या गोळीची कुळकथा

नागीण बरी होऊन दोन महिने झाले तरी बरगडीवरची आग थांबत नाही, म्हणून डॉक्टर रात्रीची एक छोटी गोळी लिहून देतात. मधुमेहाने तळपाय जळणाऱ्यांना तीच गोळी मिळते. अर्धशिशीने वारंवार अंथरूण धरणाऱ्यांना तीच, आणि खोल नैराश्यात सापडलेल्यांनाही तीच, फक्त मोठ्या मात्रेत. घरात तिला कोणी झोपेची गोळी म्हणतात, कोणी नसांची. चिठ्ठीवर नाव असते अमिट्रिप्टिलिन, कधी नॉरट्रिप्टिलिन, कधी इमिप्रामिन. सोबत डॉक्टरांच्या सूचना असतात: थोड्यापासून सुरू करा, रात्री घ्या, सावकाश उठा, मनाने बंद करू नका. या सूचना कोणी सहज सुचल्या म्हणून लिहिलेल्या नाहीत. औषध १९५६ साली हाती आले. ते कसे घ्यायचे, हे शिकायला पुढची तीस वर्षे लागली. म्हणून गोळीच्या कुळाबरोबर सूचनांचे कूळही सांगायला हवे.

या घराण्याचे मूळ रंगाच्या कारखान्यात आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ कापडासाठी नवनवे रंग तयार करत होते. १८७६ मध्ये मिथिलिन ब्लू हा निळा रंग तयार झाला. त्याची रचना उलगडताना १८८३ मध्ये बेर्न्टसेन यांना फेनोथायाझिन हा पदार्थ मिळाला. त्याच्या रेणूत तीन कड्या एका ओळीत जोडलेल्या असतात: दोन बाजूंना बेंझिनच्या, मधली गंधक आणि नत्र असलेली. १८९९ मध्ये थीले आणि होल्त्सिंगर यांनी अशाच तीन कड्यांचा आणखी एक पदार्थ बनवला. त्यात गंधकाच्या जागी कार्बनचे दोन अणू होते, त्यामुळे मधली कडी सहाऐवजी सात अणूंची झाली. इमिनोडायबेंझिल असे त्याचे नाव. त्याचा कशालाच उपयोग सापडला नाही आणि तो पन्नास वर्षे संशोधनपत्रिकेच्या पानांत पडून राहिला.

१९४० नंतर ॲलर्जीवरच्या औषधांचा शोध जोरात होता. स्वित्झर्लंडमधील बाझल शहराच्या गायगी कंपनीत हेफ्लिगर आणि शिंडलर यांनी इमिनोडायबेंझिल पुन्हा हाती घेतले आणि त्यापासून चाळीसेक नवे पदार्थ तयार केले. ॲलर्जीत त्रास देणाऱ्या हिस्टामिनला अडवणारे काही मिळेल, निदान झोप आणणारे तरी, ही अपेक्षा होती. आज या गोळीने येणारी गुंगी आणि वाढणारे वजन यांत हिस्टामिन अडवण्याच्या त्याच गुणाचा मोठा वाटा आहे.

मग फ्रान्समधून बातमी आली. फेनोथायाझिनच्या शाखेतले क्लोरप्रोमाझिन १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी मनोरुग्णांना दिले आणि भ्रम, भास, उद्रेक ओसरताना दिसले. गायगीने आपले जुने पदार्थ पुन्हा काढले. त्यातल्या जी २२३५५ या क्रमांकाच्या पदार्थाला क्लोरप्रोमाझिनसारखीच बाजूची साखळी होती. तो रोलांड कून या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावर म्युन्स्टरलिंगेन या गावी मनोरुग्णालय आहे, तिथे कून काम करत.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर जी २२३५५ चालले नाही. उलट काहींची अस्वस्थता वाढली. पण कून रुग्णाशी तासन्‌तास बोलणारे, सकाळ-संध्याकाळचा फरक टिपणारे डॉक्टर होते. हे औषध माणसाला चाळवते, तर खिन्न होऊन गोठलेल्या रुग्णांना ते द्यावे, असे त्यांना वाटले. जानेवारी १९५६ मध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांना ते देणे सुरू झाले आणि काही दिवसांतच वॉर्डातल्या परिचारिकांनाही बदल दिसू लागला. पहाटे लवकर जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटणे, सकाळी जड असणे आणि संध्याकाळी थोडे हलके होणे, स्वतःला दोष देत राहणे, अशा रुग्णांना सर्वांत जास्त गुण येतो, हे कून यांनी तेव्हाच ओळखले. ऑगस्ट १९५७ मध्ये त्यांचा चाळीसेक रुग्णांवरचा लेख स्विस वैद्यकीय साप्ताहिकात आला. सप्टेंबरमध्ये झुरिचच्या जागतिक मानसोपचार परिषदेत त्यांनी तेच सांगितले, तेव्हा समोर जेमतेम डझनभर माणसे होती. तरी त्या औषधाला इमिप्रामिन हे नाव मिळाले आणि टोफ्रॅनिल या व्यापारी नावाने ते त्याच सुमारास स्विस बाजारात आले. १९६१ मध्ये अमेरिकेत अमिट्रिप्टिलिनला मान्यता मिळाली आणि तीन कड्यांचे घराणे उभे राहिले.

या जन्मकथेला काळी किनार आहे आणि ती झाकणे योग्य नाही. म्युन्स्टरलिंगेनमध्ये कितीतरी वर्षे मान्यता न मिळालेली औषधे रुग्णांवर तपासली गेली आणि अनेकांना त्याची कल्पनाही दिली गेली नाही. थुरगाऊ प्रांताच्या सरकारने इतिहासकारांना नेमून याचा शोध घ्यायला लावला आणि २०१९ मध्ये ते सारे ग्रंथरूपाने बाहेर आले. आज आपण सुरक्षितपणे गोळी घेतो, त्यात न विचारता तपासल्या गेलेल्या त्या माणसांचाही वाटा आहे.

आता सूचनांचे कूळ. १९६१ मध्ये ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवले की इमिप्रामिन नॉरॲड्रेनलिनला मज्जापेशीत परत शोषू देत नाही, त्यामुळे हा संदेशवाहक पेशींमधल्या फटीत जास्त वेळ राहतो. पुढे त्यांना नोबेल मिळाले. सेरोटोनिनच्या बाबतीतही असेच घडते. पण ही गोळी तिथेच थांबत नाही. ती ॲसिटिलकोलिन या आणखी एका संदेशवाहकाला अडवते, म्हणून तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, लघवी अडते, घाम कमी येतो. विदर्भाच्या मे महिन्यात घाम कमी येणे ही किरकोळ गोष्ट नाही. उन्हात राबणाऱ्याने हे औषध घेताना सावली आणि पाणी सोडू नये. प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्याने आणि अरुंद कोनाचा काचबिंदू असणाऱ्याने गोळी सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगायला हवे. कोरड्या तोंडाला लिमलेट किंवा गोड सरबताची सवय लावली तर दात किडतात. घोट घोट पाणी चांगले. शिवाय ही गोळी रक्तवाहिन्या आकसवणारी यंत्रणा सैल करते. रात्री लघवीला पटकन उठलेल्या आजींचा रक्तदाब एकदम उतरतो, भोवळ येते आणि खुब्याचे हाड मोडते. आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा, ही सूचना त्यासाठी. सकाळी गुंगी उरत असेल तर गाडी चालवू नये. दारू आणि ही गोळी एकत्र तर मुळीच नको.

थोड्यापासून सुरुवात करण्यामागची कथा स्वीडनची आहे. १९६७ मध्ये फोल्के शोक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मात्रेवरच्या रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा औषधाच्या पातळीत तीस पटींहून अधिक फरक आढळला. एकाला जे पुरत नव्हते, तेच दुसऱ्याला अति होत होते. हा फरक कुठून येतो हे पाहण्यासाठी त्यांनी जुळ्यांना नॉरट्रिप्टिलिन दिले. १९६९ मध्ये निष्कर्ष आला: एका बीजापासून झालेल्या जुळ्यांत पातळी जवळजवळ सारखी राहते, दोन बीजांच्या जुळ्यांत ती बदलते. म्हणजे गोळी पचवण्याचा वेग वारशाने मिळतो. हे काम मुख्यतः यकृतातले एक विकर करते. कोणात ते मंद असते, कोणात फार तेज. १९७१ मध्ये मारी ओसबेर्ग यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: नॉरट्रिप्टिलिनची रक्तातली पातळी फार खाली असेल तर गुण येत नाही आणि फार वर गेली तरी येत नाही. मिलिलिटरला सुमारे ५० ते १५० नॅनोग्रॅम ही मधली जागा कामाची. म्हणून शेजाऱ्याला ७५ मिलिग्रॅम चालते, तर मलाही चालेल, हा हिशेब या औषधाला लागू नाही. डॉक्टर १० किंवा २५ मिलिग्रॅमपासून चढत जातात, ते आपले यकृत कोणत्या कुळातले आहे हे पाहत पाहत. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल तर तेच विकर अडते आणि नेहमीची मात्राही जास्त ठरते. जुन्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवायची ती याचसाठी.

यादीतल्या काही नावांना मात्र सर्वांत जास्त जपायचे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले गेले आणि खंगलेली माणसे उत्साहाने बोलू लागली. त्यातून नैराश्यावरच्या औषधांचे दुसरे घराणे निघाले. ते मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला अडवते. ही दोन घराणी एकत्र आली की ताप, थरथर, झटके येऊन प्रकरण मृत्यूपर्यंत जाऊ शकते, म्हणून एकातून दुसऱ्यात जाताना सहसा दोन आठवड्यांचे अंतर ठेवतात. भारतात ही जुनी औषधे आता क्वचित दिसतात. पण औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर दिले जाणारे लिनेझोलिड त्याच विकराला काही प्रमाणात अडवते. मिथिलिन ब्लू, म्हणजे ज्या रंगापासून हे कूळ निघाले तो, शिरेतून दिला तर तोही तसाच वागतो. दुखण्यावर सर्रास मिळणाऱ्या ट्रामाडॉलबरोबर झटक्यांचा धोका वाढतो. क्षयाच्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेपूर्वी आणि दुखण्याची गोळी मागताना आपण ही गोळी घेतो हे सांगितलेच पाहिजे.

मनाने बंद करू नका, ही सूचनाही १९६१ ची. न्यूयॉर्कमध्ये क्रेमर, क्लाइन आणि फिंक यांनी इमिप्रामिन अचानक थांबवलेल्या रुग्णांचे निरीक्षण लिहून ठेवले: मळमळ, उलट्या, डोकेदुखी, थंडी वाजणे, चक्कर. हे व्यसन नव्हे. सरावलेले शरीर एकदम उघडे पडते. गोळी आठवड्याआठवड्याने उतरवत न्यावी लागते. एक दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

सर्वांत गंभीर धडा हृदयाचा आहे. ही गोळी हृदयाच्या स्नायूतले सोडियमचे मार्ग अडवते. नेहमीच्या मात्रेत निरोगी हृदय ते सोसते, पण नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्याला ही गोळी देत नाहीत, आणि वयस्कर किंवा हृदयरोगी माणसाचा इसीजी आधी काढून घेतात. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर हृदयाची लय काही तासांत बिघडते. ब्रिटनमध्ये एका काळी अशा विषबाधेने वर्षाला शेकडो माणसे दगावत होती. ज्या आजारात जगणे नको वाटते, त्याच आजाराचे औषध असे असावे, हे या घराण्याचे सर्वांत मोठे दुःख. १९८५ मध्ये बोनर्ट आणि लव्हजॉय यांनी दाखवले की विषबाधेत रक्तातल्या पातळीपेक्षा इसीजी जास्त खरे सांगतो. त्यातला एक ठरावीक भाग ०.१० सेकंदाहून रुंद झाला की झटक्यांचा आणि ०.१६ वर गेला की लय बिघडण्याचा धोका वाढतो. शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देऊन डॉक्टर जीव वाचवू शकतात. घरी सोडा पाजून किंवा उलटी काढून ते साधत नाही. गोळ्या जास्त गेल्याची शंका आली, माणूस वरवर बरा दिसला, तरी थेट रुग्णालय गाठावे. लहान मुलाला तर मोजक्या गोळ्याही जिवावर बेततात, म्हणून पाकीट कुलपात.

गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि या दिवसांत मन सावरण्याआधी अंगात बळ येऊ शकते. म्हणून सुरुवातीचे आठवडे, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. गोळ्या थोड्या थोड्याच आणाव्यात आणि पाकीट घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळावे. झोप न लागता बडबड, खर्च, चिडचिड एकदम वाढली तर तेही लगेच डॉक्टरांना कळवावे. द्विध्रुवी आजारात ही गोळी उन्मादाकडे ढकलू शकते.

१९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिन आले आणि नैराश्यासाठी तीन कड्यांची औषधे मागे पडली, कारण नवी औषधे जास्त गेली तरी तुलनेने कमी घातक ठरतात. तरी अमिट्रिप्टिलिन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या १९७७ च्या पहिल्या यादीपासून टिकून आहे. ते स्वस्त आहे, गावोगाव मिळते आणि नसांच्या वेदनेवर आजही उपयोगी पडते. दुखण्यासाठी ही गोळी मिळाली म्हणून आपल्याला वेडे ठरवले असे कोणी मानू नये, आणि नैराश्यासाठी मिळाली तर लाजून ती लपवू नये. चिठ्ठीवरची प्रत्येक सूचना पाळा, डॉक्टरांना न विचारता गोळी वाढवू, घटवू किंवा थांबवू नका, आणि जगणे नको वाटू लागले तर त्याच क्षणी घरच्या माणसाशी बोला किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन लावा.