मिटलेलें यंत्र आणि दूरचा धनी

घराला कुलूप लावून धनी बाहेर पडला, म्हणजे घर निजलें असें समजण्याची रीत आहे. लॅपटॉप घडविणाऱ्यांनीं आपल्या यंत्रालाही हीच रीत शिकविली. झांकण मिटलें कीं धनी उठून गेला, आणि धनी गेला कीं काम संपलें. मग वीज जाळण्याचें कारण काय? हा विचार काटकसरीचा खरा. परंतु काम करणारा मनुष्य यंत्रासमोरच बसलेला असतो, हें त्यांत गृहीत धरलेलें आहे. इतिहास पाहतां, लॅपटॉप जन्मास येण्यापूर्वींच तें गृहीत मोडलें होतें.

न्यूयॉर्क येथील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत जॉर्ज स्टिबिट्झ नांवाचे गणिती होते. सन १९३७ सालीं त्यांनीं टेलिफोनच्या कामीं येणारे रिले, म्हणजे विजेनें उघडझांप करणारे खटके, घरीं नेले आणि स्वयंपाकघरांतील मेजावर बेरीज करणारें लहानसें यंत्र जुळविलें. त्या कल्पनेंतूनच पुढें संमिश्र संख्यांचे हिशेब करणारें मोठें यंत्र तयार झालें. ता. ११ सप्टेंबर १९४० रोजीं हॅनोव्हर गांवीं डार्टमथ कॉलेजांत अमेरिकन गणितज्ञांची सभा भरली. यंत्र न्यूयॉर्कलाच राहिलें. सभास्थानीं केवळ एक टेलिटाइप मांडला होता. सभासदांनीं त्यावर उदाहरण टंकावें, तें तारेवाटें दोनशेंहून अधिक मैल जावें आणि थोडक्याच वेळांत उत्तर कागदावर उमटावें! पुढें एनिअक यंत्राच्या जनकांपैकीं एक म्हणून प्रसिद्ध झालेले जॉन मॉक्ली त्या सभेस हजर होते. दूर असलेल्या गणकयंत्राकडून मनुष्यानें काम करवून घेतल्याचा हा पहिला जाहीर प्रयोग होय.

ता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतून स्टॅनफर्डच्या संशोधनसंस्थेंतील यंत्रांत प्रवेश मिळविण्याचा प्रयत्न झाला. 'लॉगिन' या शब्दाचीं पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें. तासाभरानें मात्र प्रवेश मिळाला. आजच्या इंटरनेटचें मूळ याच जाळ्यांत आहे.

झांकण आलें तें यानंतर. सन १९८२ सालीं 'ग्रिड कंपास' हें यंत्र बाजारांत आलें. बिल मॉग्रिज यांनीं त्याचा पडदा शिंपल्याप्रमाणें कळांवर मिटेल अशी रचना केली. पुढें या मिटण्याला अर्थ दिला गेला. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत चुंबकाचा एक लहान तुकडा आणि त्याची जवळीक ओळखणारा खटका समोरासमोर बसविलेले असतात. झांकण मिटलें कीं खटक्याला चुंबक जाणवतें आणि यंत्राला निजण्याची आज्ञा मिळते. या निद्रेंत स्मृतीपुरती वीज चालू राहते. गणना थांबते आणि सामान्यतः जाळ्याशीं असलेला संबंधही सुटतो. मग दूरच्या धन्यानें कितीही दार ठोठावलें तरी आंतून ओ येत नाहीं.

यावर पहिला उपाय हाक मारण्याचा. सन १९९५ सालीं एएमडी या कंपनीनें 'मॅजिक पॅकेट' नांवाची युक्ति प्रसिद्ध केली. यंत्र निजलें तरी जाळ्याचें कार्ड तेवढें पहारा करीत राहतें. संदेशांत २५५ ही संख्या सहा वेळां आणि त्या कार्डाचा स्वतःचा क्रमांक सोळा वेळां येतो. सोळा वेळां नांव घेऊन उठवावें लागणारा हा कुंभकर्णच! परंतु ही हाक मुख्यतः त्याच जाळ्यांतील, तारेनें जोडलेल्या यंत्रासाठीं आहे. बिनतारी जोडणीवरच्या मिटलेल्या लॅपटॉपाला ती ऐकूं येईलच असें नाहीं.

दुसरा उपाय साधा: यंत्राला निजूंच न देणें. विंडोज व लिनक्स या प्रणालींत 'झांकण मिटल्यावर कांहीं करूं नये' अशी आज्ञा देतां येते. मात्र कांहीं वेळ काम नसल्यास आपोआप निजण्याची संवयही वेगळी मोडावी लागते. यंत्र विजेशीं जोडलेलें आणि मोकळ्या हवेंत असावें. पिशवींत कोंडलेलें जागें यंत्र तापतें.

परंतु जागें असणें म्हणजे दार उघडें टाकणें नव्हे. पूर्वीं परवलीचे शब्द जाळ्यावरून उघडेच जात असत. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी ते चोरून वाचल्याचें उघडकीस आलें, तेव्हां तातु इलोनेन यांनीं सन १९९५ सालीं 'एसएसएच' ही गुप्त भाषेंत बोलण्याची पद्धति रचली. धनी कोण, हें ओळखून मगच दार उघडावें, हा तिचा नेम आहे.

मार्च २०२० मध्यें भारतांत टाळेबंदी झाली, तेव्हां पुण्यामुंबईच्या असंख्य नोकरदारांना घरूनच काम करावें लागलें. बंद कचेरींत निजलेल्या यंत्राची कळ दाबण्यास तेथें कोण असणार? ज्याची जाग आधींच राखली होती, तेंच यंत्र अशा वेळीं उपयोगी पडणार.

स्टिबिट्झ यांच्या यंत्राला झांकण नव्हतें, म्हणून हा प्रश्नही नव्हता. झांकण माणसाच्या सोयीचें आहे; तें मिटलें एवढ्यावरून माणसाचें काम संपलें, असें मानण्याचा अधिकार यंत्राला नाहीं. धनी दूर असतां सेवकाच्या अंगीं दोन गुण हवेत, जाग आणि ओळख. जाग नसेल तर धनी बाहेर राहतो. ओळख नसेल तर चोर आंत येतो.