रेनॉल्ड्सची कीर्ती आणि कोरणाऱ्यांचे हात

अठराव्या शतकातील इंग्रजी लेखक आपल्या डोळ्यांपुढे काही ठरावीक चेहऱ्यांनिशी उभे राहतात. जड अंगाचा, विचारात गढलेला डॉ. जॉन्सन, कपाळाशी बोट टेकवून मिस्कीलपणे पाहणारा लॉरेन्स स्टर्न, हातात पुस्तक घेतलेला, एका बाजूने दिसणारा, विग नसलेला गोल्डस्मिथ. हे तिन्ही चेहरे सर जोशुआ रेनॉल्ड्स (१७२३–१७९२) या एकाच चित्रकाराचे आहेत. मात्र त्याची मूळ तैलचित्रे त्या काळी पाहिली ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत वावरणाऱ्यांनी आणि लंडनच्या प्रदर्शनांना जाणाऱ्यांनी. बाकीच्या जगाला हे चेहरे भेटले ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेल्या चित्रांतून. रेनॉल्ड्सच्या कीर्तीचा विचार करताना हे कोरणारे हात सहसा तळटिपेत जातात. आम्हांला त्यांच्याविषयीच लिहावयाचे आहे.

रेनॉल्ड्सचे चरित्र सर्वपरिचित असल्याने थोडक्यात सांगतो. डेव्हन परगण्यातील प्लिम्प्टन येथे एका शाळामास्तराच्या घरी जन्म. १७४० मध्ये लंडनला टॉमस हडसन या व्यक्तिचित्रकाराकडे उमेदवारी. १७४९ ते १७५२ इटलीत वास्तव्य. परतल्यावर लंडनमध्ये व्यवसाय. १७५८ या एका वर्षात सुमारे दीडशे माणसे त्याच्यापुढे चित्रासाठी बसली. १७६८ मध्ये रॉयल अकॅडमी स्थापन झाली तेव्हा तो तिचा पहिला अध्यक्ष झाला आणि पुढल्याच वर्षी ‘सर’ झाला. १७८० नंतरच्या वर्षांत तो पूर्णाकृती चित्राचे दोनशे गिनी घेत असे. एवढे पैसे मोजू शकणारे किती असणार? याउलट छापचित्र काही शिलिंगांत मिळे.

हे रेनॉल्ड्सला फार लवकर उमगले. १७५४ मध्येच त्याच्या लेडी शार्लट फिट्सविल्यम या चित्रावरून जेम्स मॅकार्डेल याने छापचित्र केले. मॅकार्डेल मूळचा डब्लिनचा. पुढल्या दहा-अकरा वर्षांत त्याने रेनॉल्ड्सच्या तीसहून अधिक चित्रांवरून पत्रे कोरले आणि १७६५ मध्ये, चाळिशीही गाठण्यापूर्वी, तो वारला. या माणसामुळे मी अमर होईन, अशा अर्थाचे उद्गार रेनॉल्ड्सच्या नावावर सांगितले जातात. ते खरे धरले तर चित्रकाराला आपले ऋण नेमके ठाऊक होते असे म्हणावे लागते.

मॅकार्डेलची पद्धत मेझोटिंटची. ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. नेहमीच्या कोरीव कामात कारागीर पांढऱ्याकडून काळ्याकडे जातो, म्हणजे कोऱ्या पत्र्यावर रेघा खोदून छाया उभी करतो. मेझोटिंटमध्ये प्रवास उलटा असतो. दातेरी, अर्धगोल पात्याचे हत्यार झुलवत झुलवत पत्र्यावर अनेक दिशांनी फिरवायचे आणि सगळा पृष्ठभाग खरखरीत करून टाकायचा. हे काम कित्येक दिवस चाले. असा पत्रा शाई लावून छापला तर कागदावर केवळ मखमली काळोख उमटतो. मग त्या काळोखातून खरवडणीने आणि घोटणीने प्रकाश बाहेर काढायचा. जिथे थोडे खरवडले तिथे करडी छटा, जिथे पुरते घोटले तिथे कपाळावरची झळाळी. या तंत्रात रेघ जवळजवळ नसतेच, असतात त्या छटा. रेनॉल्ड्सची चित्रे गडद पार्श्वभूमी आणि उजळलेला चेहरा यांवर उभी असल्याने हे तंत्र त्याच्यासाठीच निघाले असावे असे वाटते. वस्तुतः ते एका जर्मनाने, लुडविग फॉन झीगेन याने, १६४२ मध्ये शोधले होते. पण इंग्लंडात ते इतके रुजले की फ्रेंच लोक त्याला ‘इंग्लिश रीत’ म्हणू लागले. त्यात एकच मोठी उणीव होती. पत्रा लवकर झिजतो. शंभर-दोनशे ठशांनंतर काळा रंग करडा होऊ लागतो आणि पत्रा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. म्हणून संग्राहक पहिल्या ठशांसाठी जीव टाकत.

छापचित्रांनी लेखकांचे चेहरे बाजारात कसे आणले याचा उत्तम दाखला स्टर्नचा. ‘ट्रिस्ट्रम शँडी’च्या पहिल्या खंडांनी लंडन वेडे झाले असताना, १७६० च्या वसंतात, तो रेनॉल्ड्सपुढे बसला. त्याच वर्षी त्या चित्रावरून राव्हने याने कोरलेला चेहरा स्टर्नच्या प्रवचनांच्या पुस्तकात मुखचित्र म्हणून आला, आणि १७६१ मध्ये एडवर्ड फिशरचे मेझोटिंट निघाले. कादंबरीकाराचा चेहरा त्याच्या पुस्तकाबरोबर विकला जाऊ लागला. लेखक ‘दिसणे’ ही गोष्ट आपल्याला आज इतकी स्वाभाविक वाटते की तिलाही एक इतिहास आहे हे आपण विसरतो.

रंगांची हकिकत याहून बोलकी आहे. रेनॉल्ड्सला जुन्या व्हेनिशियन चित्रकारांची खोली हवी होती आणि त्यासाठी तो मेण, डांबर, कच्चे लाल रंग असे नाना प्रयोग करी. परिणामी त्याच्या हयातीतच अनेक चित्रांतील गालांची लाली उडाली आणि चेहरे पांढुरके पडले. कित्येक चित्रांना तडे गेले. शल्यविशारद जॉन हंटर याचे १७८६ मधील चित्र पुढे फार काळवंडले. त्यात मुळात काय काय होते हे पाहावयाचे तर विल्यम शार्पने १७८८ मध्ये कोरलेल्या प्रतीकडे जावे लागते. वरच्या कोपऱ्यात लोंबणारे एका सांगाड्याचे पाय त्यात स्पष्ट दिसतात. ते आयरिश ‘राक्षस’ चार्ल्स बर्न याचे. आपला देह समुद्रात विसर्जित व्हावा अशी त्याची इच्छा असताना हंटरने तो मिळवला होता. लंडनच्या हंटेरियन संग्रहालयाने २०२३ मध्ये पुन्हा उघडताना तो सांगाडा प्रदर्शनातून काढला. शार्पच्या कागदावर मात्र ते पाय आहेतच.

मग या कारागिरांचा मान काय होता? रॉयल अकॅडमीने स्थापनेच्या वेळी कोरणाऱ्यांना पूर्ण सभासदत्व नाकारले, कारण त्यांचे काम नक्कल करण्याचे, प्रतिभेचे नव्हे. पुढे त्यांच्यासाठी सहा जागांचा एक दुय्यम वर्ग काढण्यात आला. फ्रान्चेस्को बार्तोलोत्सी हा नामांकित कोरणारा मात्र चित्रकार म्हणून आत घेतला गेला. रॉबर्ट स्ट्रेंज याने १७७५ मध्ये एक आख्खे पुस्तक लिहून या अन्यायावर झोड उठवली.

येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. डिसेंबर १७७४ मधील आपल्या सहाव्या व्याख्यानात रेनॉल्ड्सने पूर्वसूरींच्या अनुकरणाची मोठी तरफदारी केली होती. त्यावर १७७५ मध्येच नथॅनियल होन याने ‘द कॉन्जरर’ नावाचे चित्र अकॅडमीकडे पाठवले. एक म्हातारा जादूगार छडी फिरवतो, आणि जुन्या चित्रांच्या छापील प्रती त्याच्यासमोर ज्वाळांत पडतात. रोख कोणावर होता हे सर्वांना कळले. अकॅडमीने चित्र नाकारले, अर्थात वेगळेच कारण पुढे करून. म्हणजे ज्याच्या व्यक्तिचित्रांतील अनेक ठेवणी जुन्या चित्रांच्या छापील प्रतींवरून उचललेल्या, त्याच्या संस्थेत तसल्या प्रती करणाऱ्याला बरोबरीची खुर्ची नव्हती.

रेनॉल्ड्स व्यक्तिशः दुष्ट होता असे आम्हांला म्हणावयाचे नाही. पण व्यवहारात सत्ता चित्रकाराच्या हाती होती. अभिनेत्री सेरा सिडन्सच्या गाजलेल्या चित्रावरून कोरण्याचा हक्क आपला, असे व्हॅलेंटाइन ग्रीन मानून बसला होता; काम गेले फ्रान्सिस हॉवर्डकडे. बाईंचीच तशी इच्छा आहे, असे रेनॉल्ड्सने कळवले. ग्रीनने संतापून पत्रे लिहिली. त्यांचा उपयोग झाला नाही.

याच्या अगदी उलट प्रसंग बॉझ्वेलने नोंदवून ठेवला आहे. त्याच्या जॉन्सनचरित्रासाठी (१७९१) जेम्स हीथ रेनॉल्ड्सच्या जुन्या चित्रावरून मुखचित्र कोरत होता. काम पुरे झाले असे समजून हीथ आणि बॉझ्वेल पहिला ठसा घेऊन रेनॉल्ड्सकडे गेले. तो म्हणाला, चेहरा फार तरुण दिसतो आणि पुरेसा विचारमग्न नाही. हीथने पत्रा पुन्हा हातात घेतला, आणि बदललेला जॉन्सन पाहून चित्रकाराचे समाधान झाले. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच चित्राची दुरुस्ती रेनॉल्ड्सने दुसऱ्याच्या हातून करवून घेतली होती. ही नक्कल खासच नव्हे. भाषांतर करणाऱ्या कोणालाही हा अनुभव ओळखीचा वाटेल: मूळ लेखक शेजारी बसला आहे आणि ‘मला हे म्हणावयाचे होते’ असे आता सांगतो आहे. आम्हांला तर जॉन्सनचा तो चेहरा हीथचाही वाटतो.

रेनॉल्ड्सच्या व्याख्यानांची १७९८ मध्ये निघालेली आवृत्ती एका वाचकाने समासांत संतप्त शेरे लिहून भरून टाकली. तो वाचक विल्यम ब्लेक. त्याचे वैचारिक आक्षेप आपण वर्गात शिकवतोच. त्याने जेम्स बॅसायरकडे सात वर्षे कोरण्याची उमेदवारी केली होती, हेही त्या वेळी सांगितले जावे.

रेनॉल्ड्स फेब्रुवारी १७९२ मध्ये वारला आणि सेंट पॉल्समध्ये त्याचे दफन झाले. अंत्ययात्रेला आलेल्यांना आठवण म्हणून एक छापील चित्र देण्यात आले. ते बार्तोलोत्सीने कोरले होते. कोरणारा म्हणून अकॅडमीचे पूर्ण सभासदत्व पहिल्यांदा मिळाले ते सॅम्युएल कझिन्स याला, १८५५ मध्ये.