एफ-झिरो जीएक्स: रेसिंग गेमच्या डिस्कवर दहा वर्षं लपून राहिलेला दुसरा गेम

२००३ साली निन्टेंडोच्या गेमक्यूब या कन्सोलसाठी 'एफ-झिरो जीएक्स' नावाचा रेसिंग गेम आला. ज्यांनी तो विकत घेतला, त्यांना वाटलं आपण एक गेम घरी आणला. प्रत्यक्षात त्या तळहाताएवढ्या डिस्कवर दोन गेम होते. दुसरा कुणाला दिसला नाही, कारण त्याच्यापर्यंत नेणारा पर्याय मेनूत कुठेच नव्हता. तो सापडायला २०१३ साल उजाडलं.

ही भानगड नेमकी काय होती हे समजून घ्यायचं, तर आधी गेममधलं 'न वापरलेलं कंटेंट' म्हणजे काय ते पाहावं लागेल.

कापलं, तरी डिस्कवर राहिलं

सिनेमाच्या एडिटिंगमध्ये एखादा सीन कापला, तर तो थिएटरपर्यंत पोहोचत नाही. गेमचं तसं नसतं. गेम म्हणजे हजारो फाइल्स आणि त्या कधी उघडायच्या हे सांगणारा कोड. एखादा ट्रॅक किंवा गाडी नको असं ठरलं, की बऱ्याचदा फक्त तिथपर्यंत जाणारी वाट बंद केली जाते. मेनूतलं नाव काढलं, काम झालं. ट्रॅकची फाइल मात्र डिस्कवर तशीच राहते आणि आपल्या घरी येते.

मग ती सरळ डिलीट का करत नाहीत? कारण रिलीजच्या तोंडावर कुठल्याही टीमला सगळ्यात जास्त भीती असते ती चालू असलेलं काहीतरी बिघडण्याची. नको असलेल्या त्या ट्रॅकमधलं झाड दुसऱ्या ट्रॅकमध्येही वापरलेलं असू शकतं. कोडमध्ये कुठेतरी 'दहाव्या क्रमांकाचा ट्रॅक' असा उल्लेख असतो. दहावा काढला, की अकरावा दहाव्या जागी सरकतो आणि भलताच ट्रॅक उघडतो. मग टेस्टिंग पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा कुलूप लावून पुढे जाणं स्वस्त पडतं. जुन्या घराच्या माळ्यावर सामान का साठतं, याचं उत्तरही साधारण असंच आहे.

असं सामान शोधणारे हौशी लोक जगभर आहेत. 'द कटिंग रूम फ्लोअर' या विकीवर तर हजारो गेम्समधल्या अशा गोष्टींची नोंद ठेवली जाते. त्यातलं बरंचसं किरकोळ असतं: एखादं अर्धवट चित्र, टेस्टिंगसाठी बनवलेला सपाट ट्रॅक, प्रोग्रामरने लिहून ठेवलेली ओळ. अख्खा गेम हाती लागणं दुर्मिळ.

जीएक्स आणि एएक्स: एका घरातली दोन भावंडं

सेगा आणि निन्टेंडो ही एकेकाळी एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी. पण २००१ साली सेगाने स्वतःचे कन्सोल बनवणं थांबवलं आणि दोन्ही कंपन्या एकत्र काम करू लागल्या. निन्टेंडोने आपली 'एफ-झिरो' ही मालिका सेगाच्या 'अम्युझमेंट व्हिजन' या स्टुडिओकडे सोपवली. तिथे प्रमुख होते तोशिहिरो नागोशी. आर्केडमधला प्रसिद्ध रेसिंग गेम 'डेटोना यूएसए' त्यांचाच.

एकाच प्रकल्पातून दोन गेम निघाले. घरी खेळायचा 'जीएक्स' आणि आर्केडसाठीचा 'एएक्स'. आर्केड म्हणजे आपल्याकडे मॉलच्या गेम झोनमध्ये असतात तशी, सीटवर बसून स्टिअरिंग धरायची मोठी मशीन्स. एएक्सच्या मोठ्या मशीनची सीट वळणावर अक्षरशः कलायची. त्याच्या आत 'ट्रायफोर्स' नावाचा बोर्ड होता. निन्टेंडो, सेगा आणि नामको या तीन कंपन्यांनी मिळून तो तयार केला होता आणि त्याचा पाया गेमक्यूबचंच हार्डवेअर होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दोन्ही गेम एकमेकांशी जोडलेही होते. घरातलं गेमक्यूबचं मेमरी कार्ड खिशात घालून आर्केडला जायचं, मशीनच्या खाचेत लावायचं आणि एएक्समधले ड्रायव्हर, ट्रॅक व गाड्यांचे भाग घेऊन घरी परतायचं. २००३ च्या मानाने कल्पना भन्नाट होती. अडचण एवढीच, की त्यासाठी जवळपास एएक्सचं मशीन हवं. ते नसेल तर घरबसल्याही एक मार्ग होता: सगळे कप 'मास्टर' पातळीवर जिंका, म्हणजे एएक्सचे सहा ट्रॅक उघडतात. ड्रायव्हर हवे असतील तर स्टोरी मोडमधली प्रकरणं सर्वात अवघड पातळीवर पार करा. जीएक्स ज्यांनी खेळलाय त्यांना विचारा, आर्केड शोधत दुसऱ्या शहरात जाणं कदाचित सोपं पडलं असतं.

म्हणजे एएक्सचे ट्रॅक आणि ड्रायव्हर जीएक्समध्ये आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. एएक्स हा गेमच आत आहे, हे माहीत नव्हतं.

२०१३ मध्ये काय सापडलं?

'ॲक्शन रिप्ले' नावाचं एक उपकरण तेव्हा मिळायचं. गेम चालू असताना मेमरीतल्या ठरावीक जागेचा आकडा ते बदलतं. 'लाइफ कधीच संपू नये' यासारखे चीट कोड याच पद्धतीने चालतात. २०१३ मध्ये गेमक्यूबच्या हौशी अभ्यासकांनी जीएक्ससाठी असा एक कोड शोधला, की तो टाकल्यावर जीएक्सऐवजी एएक्सच सुरू झाला. स्क्रीनवर आर्केडचा खेळ, तोही साध्या गेमक्यूबवर.

हे शक्य झालं, कारण मशीनमधला बोर्ड आणि घरातला कन्सोल मुळात एकाच जातीचे होते. शिवाय ट्रॅक आणि गाड्या डिस्कवर आधीच द्यायच्या होत्या. उरला आर्केडचा भाग, तो बाहेर काढण्याऐवजी आतच कुलूपबंद राहिला. सुमारे दीड जीबीची डिस्क दहा वर्षं लोकांच्या कपाटात पडून होती आणि फक्त एक स्विच उलटा करायचा बाकी होता.

गंमत म्हणून सोडून देता येईल अशी ही गोष्ट नाही. एएक्स घरी खेळण्यासाठी स्वतंत्रपणे कधीच विकला गेला नाही. आर्केड मशीनचं आयुष्य मर्यादित असतं. पार्लर बंद होतात, मशीन भंगारात जातं, सुटे भाग मिळेनासे होतात. अशा वेळी ज्याला आपण 'न वापरलेलं' म्हणतो, त्याच फाइल्समुळे मशीन शिल्लक नसलेल्या शहरातही तो खेळ जिवंत राहतो. अर्थात कलणारी सीट डिस्कवर येत नाही.

उलटंही घडतं

'मारिओ कार्ट वी' मधल्या एका मैदानाची गोष्ट याच्या उलट आहे. 'गॅलेक्सी कोलोसियम' हे मैदान डिस्कवर होतं, पण ते फक्त निन्टेंडोच्या ऑनलाइन स्पर्धांमध्येच खेळायला मिळायचं. २० मे २०१४ रोजी निन्टेंडोने वीची ती ऑनलाइन सेवा बंद केली आणि वापरात असलेलं मैदान एका दिवसात 'न वापरलेलं' झालं. त्याच्या फाइलच्या नावात 'मिशन' हा शब्द आहे. आधीच्या 'मारिओ कार्ट डीएस' मध्ये मिशन मोड होता. त्यामुळे वीमध्येही तो आणायचा विचार असावा आणि हे मैदान त्यातूनच उरलं असावं, असा अंदाज बांधला जातो.

'मारिओ कार्ट ६४' चा किस्सा आणखी जुना. त्याच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत कामेक हा जादूगार गाडी चालवताना दिसतो. १९९६ मध्ये गेम आला तेव्हा त्याच्या जागी डाँकी काँग होता.

कंपन्या सावध का झाल्या?

उरलेलं सामान महागातही पडू शकतं. याचं गाजलेलं उदाहरण रेसिंगमधलं नाही, पण ते टाळून पुढे जाता येत नाही. 'जीटीए: सॅन अँड्रियास' मधला एक लैंगिक प्रसंग बनवणाऱ्यांनी बंद करून डिस्कवरच ठेवला होता. २००५ मध्ये एका मॉडने तो उघडला. हे प्रकरण 'हॉट कॉफी' नावाने ओळखलं जातं. त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेतल्या ईएसआरबी या संस्थेने गेमचं रेटिंग बदलून 'फक्त प्रौढांसाठी' केलं, मोठ्या दुकानांनी तो शेल्फवरून काढला आणि ऑस्ट्रेलियात त्याचं वर्गीकरणच रद्द झालं. डिस्कवर जे आहे त्याची जबाबदारी आपलीच, मग ते मेनूत दिसो वा न दिसो, हे त्यानंतर कंपन्यांना नीट कळलं.

आज एएक्स कुठे आहे?

जून २०२५ मध्ये स्विच २ बाजारात आला, तेव्हा निन्टेंडोच्या ऑनलाइन सदस्यत्वातून मिळणाऱ्या पहिल्या तीन गेमक्यूब गेम्समध्ये एफ-झिरो जीएक्स होता. त्यात ॲक्शन रिप्लेचे कोड टाकायची सोय नाही. मेमरी कार्ड घेऊन आर्केडला जाण्याचा प्रश्नच येत नाही. एएक्सचे ते सहा ट्रॅक मात्र आहेत. ते उघडायचे असतील तर सगळे कप, मास्टर पातळीवर.