डनलॉप घराणे : एका जिवावरच्या हौसेचा इतिहास

‘घराणे’ हा शब्द आपण गवयांच्या, वैद्यांच्या किंवा कीर्तनकारांच्या संदर्भात वापरतो. बापाकडून मुलाकडे घरदाराप्रमाणे विद्याही येते, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु मोटारसायकलीच्या शर्यतीसारख्या जिवावर बेतणाऱ्या हौसेचेही घराणे असू शकते, हे उत्तर आयर्लंडातील बॅलीमनी गावच्या डनलॉप कुटुंबाचा इतिहास पाहिल्यावाचून सहसा पटणार नाही.

या हौसेला जागा करून दिली ती कायद्याने. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने वाहनांचा वेग ताशी २० मैलांवर बांधला गेला, आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करण्याची तेथे सोय नव्हती. आयल ऑफ मॅन बेटाला मात्र टिनवॉल्ड नावाची स्वतःची विधिसभा आहे. तिने १९०४ साली कायदा करून शर्यतीपुरते रस्ते बंद करण्यास मुभा दिली. त्यातूनच १९०७ साली मोटारसायकलींची ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत सुरू झाली. १९११ पासून ती डोंगराला वळसा घालणाऱ्या मार्गावर होऊ लागली; हल्ली या मार्गाची एक फेरी पावणेअडतीस मैलांची आहे. उत्तर आयर्लंडानेही १९२२ साली असाच कायदा केला. एरवी ज्या रस्त्याने गावकरी बाजाराला जातात, त्याच रस्त्यावर दगडी भिंती, घरे व दिव्यांचे खांब यांच्यामधून ही शर्यत धावते. चूक झाल्यास स्वार या भिंतींवर आणि खांबांवरच आदळतो.

हौशी कोणाला म्हणावे, हा प्रश्नही या बेटावर उपस्थित झाला होता. १९२३ साली तेथे केवळ हौशी स्वारांसाठी वेगळी शर्यत सुरू झाली. परंतु ‘हौशी’ या शब्दाच्या व्याख्येवरून वाद माजला, आणि १९३० पासून तिच्या नावातून तो शब्दच काढून टाकावा लागला. जोई डनलॉपला ही व्याख्या लावू गेल्यास कोणताही वकील अडचणीत पडेल. १९५२ साली जन्मलेला हा पुरुष होंडा कंपनीच्या गाडीवर धावला, आणि १९८२ ते १९८६ अशी सलग पाच वर्षे फॉर्म्युला वन प्रकारात जगज्जेता ठरला. तरीही तो गावातच राहिला, गावातला आपला गुत्ता चालवीत राहिला, आणि आपल्या यंत्राचे स्क्रू स्वतःच्या हाताने पिळीत राहिला. शर्यतीच्या गाडीतून फुरसत मिळे तेव्हा तो मालमोटार घेऊन रुमानिया व बोस्निया येथील अनाथ मुलांसाठी अन्नवस्त्र पोचवीत असे. या सेवेबद्दल १९९६ साली त्याला ब्रिटिश सरकारचा सन्मान मिळाला.

ही हौस त्याची एकट्याची नव्हती. धाकटे भाऊ जिम व रॉबर्ट तिच्यात होते, मेहुणा मर्विन रॉबिन्सनही होता. हा मेहुणा १९८० च्या मे महिन्यात बॅलीमनीजवळच्या ‘नॉर्थ वेस्ट २००’ शर्यतीत मरण पावला. थोड्याच आठवड्यांनी जोईने आयल ऑफ मॅनची एक मोठी शर्यत जिंकली. २००० साली, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, त्याने तेथे एकाच सप्ताहात तीन शर्यती जिंकून आपल्या विजयांची संख्या २६ वर नेली. पुढील महिन्यात, २ जुलै रोजी, एस्टोनियातील टॅलिन येथे पावसाने ओल्या झालेल्या रस्त्यावर त्याचा अंत झाला. रॉबर्टला १९९४ साली भयंकर अपघात झाला होता. तरी तो परतला आणि १९९८ साली पुन्हा जिंकला. १५ मे २००८ रोजी ‘नॉर्थ वेस्ट २००’च्या सरावात तोही गेला. दोन दिवसांनी त्याचा एकोणीस वर्षांचा मुलगा मायकेल याने त्याच रस्त्यावरील शर्यत जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी पित्याला मूठमाती दिली. मोठा मुलगा विल्यम २०१८ साली डब्लिनजवळच्या स्केरीज येथे सरावात मरण पावला. पुढल्याच वर्षी मायकेल आयल ऑफ मॅनवर विजयी झाला.

आपल्या मिताक्षरेने वडिलार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क दिला आणि बापाचे ऋण फेडण्याचे पुण्यकर्तव्यही त्याच्यावर ठेवले. डनलॉपांची हौस याच रीतीने उतरली की काय, असे मनात येते. परंतु येथे एक भेद आहे. ऋणाच्या मागे धनको उभा असतो. मायकेलच्या मागे कोणीही उभे नव्हते. त्या घरात मुलांनी शर्यत पाहिली ती मैदानावर नव्हे, तर यंत्राजवळ, बापाच्या आणि काकाच्या हाताशी. म्हणून तिचा त्याग म्हणजे त्यांना मृतांचाच त्याग वाटला असावा. हे अविचाराचे आहे, असे दुरून म्हणणे सोपे आहे. ते शौर्याचे आहे एवढेच म्हणून थांबणे त्याहूनही सोपे. कारण विजयांची गणती पुस्तकांत होते, आणि घरात मागे राहिलेल्या माता व पत्नी यांच्या वाट्याला आलेली वर्षे कोणी मोजीत नाही.

२०२४ साली मायकेलने चुलत्याचा २६ विजयांचा विक्रम ओलांडला. बॅलीमनी गावात जोई व रॉबर्ट या दोघा भावांची स्मृतिउद्याने एकमेकांस लागून आहेत. कायद्याने शर्यतीपुरता रस्ता बंद करता येतो आणि सायंकाळी तो पुन्हा खुला करता येतो. या घराण्याच्या हौसेवर मात्र असा हुकूम कोणाचाच चालला नाही.