कांद्याचा कोंब आणि पेशीचं चक्र

चैत्र-वैशाखात निफाड तालुक्यातला उन्हाळ कांदा चाळीत जातो आणि भाव चढेपर्यंत घरादाराला दोनच धास्त्या असतात, सड आणि कोंब. पाऊस सरत आला की कांद्याच्या बुडाशी, पापुद्र्यांच्या आत झोपलेल्या पेशी जाग्या होतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. मग एके सकाळी चाळीत हिरवी टोकं दिसतात.

हीच पेशींची वाढ बघायला जगभरच्या प्रयोगशाळांत कांदाच घेतात. पाण्यावर ठेवलेल्या कांद्याला दोन-तीन दिवसांत पांढऱ्या मुळ्या फुटतात. त्यातल्या एकीचं टोक ब्लेडने कापायचं, आम्लात जरा गरम करायचं, रंग देऊन काचपट्टीवर अंगठ्याने दाबायचं. कांद्याची 16 गुणसूत्रं एवढी ठसठशीत असतात की कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखालीही ती दोन बाजूंना सरकताना पकडता येतात.

पण दुभंगण्याआधी पेशी काय तयारी करते, हे त्या रंगाला सांगता येत नाही. 1953 साली लंडनमध्ये ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या मुळ्यांना किरणोत्सारी फॉस्फरस पाजून दाखवलं की डीएनएची नवी प्रत ठराविक काळातच तयार होते. पेशीच्या चक्राचे टप्पे तिथून मोजले जाऊ लागले.

पुढची खूण सापडली ती आजारी माणसांच्या रक्तात. ल्युपस या आजारात शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. 1978 साली अमेरिकेतल्या संशोधकांना काही रुग्णांत असं प्रतिपिंड आढळलं, की ते फक्त वाढत्या पेशींच्या केंद्रकालाच चिकटायचं. ज्या प्रथिनाला ते चिकटायचं, त्याचं नाव पडलं पीसीएनए. डीएनएची प्रत काढताना हे प्रथिन कड्यासारखं धाग्याभोवती बसतं. 1990 साली पीसी-10 हे प्रतिपिंड उंदराच्या पीसीएनएविरुद्ध तयार झालं आणि कीटकांच्या, यीस्टच्या पेशींतही तेच प्रथिन त्याने ओळखलं. एवढ्या लांबच्या जिवांत हे कडं जवळजवळ तसंच टिकून आहे, ही गोष्ट आजही थक्क करते.

निफाड तालुक्यात मात्र चक्र पाहण्यापेक्षा ते थांबवण्याची गरज होती. भाभा अणुसंशोधन केंद्राने 2002 साली लासलगावला 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं. तिथे कोबाल्ट-60 चे गॅमा किरण कांद्यावर सोडतात. मात्रा अगदी हलकी, 90 ग्रेच्या आत. बुडाशी दुभंगणाऱ्या पेशींतला डीएनए त्याने तुटतो. कांदा जिवंत राहतो, श्वास घेतो, पण कोंब वाढत नाही. अट एवढीच, की काढणीनंतर कांदा झोपेत असतानाच हे उरकायला हवं. सडीवर मात्र हा इलाज नाही. त्यासाठी आजही माना नीट वाळवणं आणि हवेशीर चाळ, हेच खरं.

2007 साली याच केंद्रातून किरण दिलेला हापूस अमेरिकेला निघाला. आंब्याला मात्रा लागते 400 ग्रे, कारण तिथे थांबवायची असते फळातल्या किडींची पैदास.