सहाशे साचे आणि एक कुलूप

इ. स. १६०८ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्याहून रोमला, येशूसंघाच्या प्रमुखांना एक पत्र धाडले. या देशाच्या भाषेत आणि तिच्याच लिपीत पुस्तके छापली जावीत, ही त्यांची कैक वर्षांची इच्छा होती. अडचणी दोन होत्या. युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे सहाशे साचे घडवावे लागतील, ही पहिली. वरिष्ठांच्या आज्ञेवाचून व साहाय्यावाचून हे घडणार नाही, ही दुसरी. पुढे १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले, ते रोमन लिपीतच. भाषा मराठी, वेष परका.

पण ते अक्षर वाचता येत होते, आणि ज्याला वाचता येई त्याला उतरून घेता येत होते. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ठाऊक नाही. तरीही १९०७ मध्ये जोसेफ साल्डान्हा यांना मंगळूरला हा ग्रंथ प्रसिद्ध करता आला, तो निनावी हातांनी केलेल्या नकलांच्या आधारावर.

हे आठवण्याचे कारण संगणक. १९९० नंतरच्या दशकात खिळे जुळवणारे हात थांबले आणि ठाकुर्ली-डोंबिवली-कल्याणच्या गल्ल्यांतही डीटीपीची छोटी दुकाने थाटली गेली. सणाची पत्रिका, लग्नाचे आमंत्रण, भक्तिगीतांची पुस्तिका तेथेच सजू लागली. मराठी अक्षरांचे पॅकेज महाग असे. सोबत संगणकाच्या पाठीमागे खोचायचे डोंगल येई. ते काढले की पॅकेज बंद. ही झाली उघड दिसणारी राखण. खरे कुलूप आत होते. प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते. तोच फाँट नसेल तर उघडलेल्या पानावर रोमन अक्षरांचा निरर्थक चिखल दिसे. स्टीफन्सांची रोमन मराठी वाचता येत होती. ही येत नव्हती.

अनेकांनी ही पॅकेजेस पैसे न देता उतरवून घेतली. ती चोरीच, धर्मकार्याचे नाव देऊन ती झाकू नये. अक्षर घडवणाऱ्याच्या श्रमाला मोल आहे. पण जावजी दादाजींच्या निर्णयसागर ओतशाळेचे खिळे घेणाऱ्या छापखान्याने छापलेला मजकूर त्या ओतशाळेच्या ताब्यात जात नसे. येथे मात्र साधन विकणाऱ्याच्या हाती लेखकाचे लेखनही अडकले. विक्रेत्याचा हक्क इतका लांब पोहोचत नाही, असे आमचे मत आहे.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हा हाच प्रश्न अधिक कठोरपणे मांडला होता. शेजाऱ्याला काही देणार नाही, असे वचन ग्राहकाकडून घेणेच अनीतीचे, असे त्यांचे म्हणणे. वापरण्याची, आतली रचना पाहण्याची, बदलण्याची व वाटण्याची मोकळीक असेल तेच सॉफ्टवेअर मुक्त. इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दाने फुकट व मुक्त यांचा घोळ होतो; मराठीत तो होण्याचे कारण नाही. विंडोजसोबत येणारा, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ सुंदर आहे, वेगळे पैसे पडत नाहीत. परंतु तो मुक्त नव्हे.

युनिकोडने १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला सर्वांसाठी एकच क्रमांक दिला; तो सर्वत्र रुजायला मात्र बरीच वर्षे गेली. बायबल-भाषांतराशी जोडलेल्या एस.आय.एल. या ख्रिस्ती संस्थेने फाँटसाठी मुक्त परवाना तयार केला. त्याची आजची आवृत्ती २००७ ची. फाँट कोणीही वापरावा, सुधारावा, वाटावा. नुसता फाँट वेगळा काढून विकू नये, आणि सुधारलेलाही त्याच अटींवर द्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने याच परवान्याखाली देवनागरी फाँट दिला. त्याचे नाव ‘मुक्त’. स्टीफन्सांची दुसरी अडचण, म्हणजे वरिष्ठांची परवानगी, येथे उरत नाही.

जुन्या फाइलींचे काय? त्या युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत. परंतु रफार सरकतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरे फुटतात. मराठी जाणणाऱ्याने छापील अंक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. अंक वाळवीने खाल्ला असेल, तर ताडायला काही उरत नाही.